अर्थशास्त्राचा पाठ आणि परिसराचा प्रश्न : उच्च माध्यमिक अर्थशास्त्र व वाणिज्य अभ्यासक्रमाची ब्रिटिश अनुभवाच्या संदर्भातील चिकित्सा

सारांश

ब्रिटनमधील शाळांत अर्थशास्त्र व व्यवसाय या विषयांचे अभ्यासक्रम गेल्या अर्धशतकात वारंवार बदलले. त्यातील एक प्रयत्न संकल्पनांच्या यादीऐवजी प्रश्नांपासून आरंभ करणारा होता. प्रस्तुत लेखात त्या अनुभवाच्या आधारे महाराष्ट्रातील अकरावी-बारावीच्या अर्थशास्त्र व वाणिज्य अभ्यासक्रमाची चिकित्सा केली असून, भंडारा जिल्ह्यातील धान, मालगुजारी तलाव आणि मॅंगनीज खाण ही तीन उदाहरणे तपासली आहेत. अभ्यासक्रमाचा मुख्य दोष आशयात नसून प्रश्न विचारण्याच्या पद्धतीत आहे आणि सुधारणेचा आरंभ प्रश्नपत्रिका व प्रकल्पाच्या २० गुणांपासून व्हावयास हवा, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : अभ्यासक्रम, उच्च माध्यमिक शिक्षण, अर्थशास्त्र, वाणिज्य, भंडारा जिल्हा, मूल्यमापन.

प्रस्तावना

पदवीच्या प्रथम वर्षात अर्थशास्त्र शिकविणाऱ्या प्राध्यापकास एक अनुभव नेहमी येतो. मागणीच्या नियमाची व्याख्या विद्यार्थी अचूक सांगतो, नियमाची गृहीते क्रमाने लिहितो, आकृतीही काढतो. मात्र आपल्या वडिलांनी यंदा धान आधारभूत खरेदी केंद्रावर न नेता खाजगी व्यापाऱ्यास कमी भावाने का विकले, या प्रश्नाचा अर्थशास्त्राशी काही संबंध आहे असे त्यास वाटत नाही. वास्तविक उत्तर त्याला ठाऊक असते. चुकारे उशिरा मिळतात, रोवणीसाठी घेतलेले कर्ज फेडावयाचे असते, बारदान्यासाठी थांबावे लागते. काळाची किंमत, रोखतेची पसंती, व्यवहार खर्च हे सर्व त्या उत्तरात आहे. परंतु घरचे हे ज्ञान आणि वर्गातील संज्ञा एकमेकांस भेटत नाहीत.

या तुटलेपणाचा दोष सामान्यतः विद्यार्थ्याच्या पाठांतराच्या सवयीस किंवा शिक्षकाच्या उदासीनतेस दिला जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते तो बऱ्याच अंशी अभ्यासक्रमाच्या रचनेत आहे. ही रचना तपासताना ब्रिटनचा अनुभव उपयुक्त ठरतो, कारण शालेय स्तरावर अर्थशास्त्र कोणी, कशासाठी व कसे शिकावे हा वाद तेथे दीर्घकाळ आणि उघडपणे झाला आहे. तेथील यशापेक्षा तेथील अपयश आपणास अधिक शिकविणारे आहे.

ब्रिटनमधील वाटचाल

ब्रिटनमध्ये शालेय अर्थशास्त्राचा आरंभ एकोणिसाव्या शतकात झाला. रिचर्ड व्हेटली यांचे पैशाच्या व्यवहारांविषयीचे सोपे धडे १८३३ मध्ये प्रसिद्ध झाले व शाळांतून वाचले गेले. विल्यम एलिस यांनी १८४८ पासून बर्कबेक शाळांमध्ये सामाजिक अर्थव्यवहार हा विषय शिकविण्यास प्रारंभ केला. या प्रयत्नांमागे लोकशिक्षणाची तळमळ होती यात शंका नाही. परंतु वेतन हे नैसर्गिक नियमाने ठरते, त्याविरुद्ध संघटित होणे व्यर्थ आहे, हे कामगारांच्या मुलांना पटविण्याचा हेतूही त्यात होता. म्हणजे शालेय अर्थशास्त्र जन्मतःच निरपेक्ष नव्हते. अभ्यासक्रमात काय आले यासोबत तो कोणाच्या सोयीचा आहे, हा प्रश्नही विचारावा लागतो.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा विषय प्रामुख्याने विद्यापीठाची पूर्वतयारी म्हणून शिकविला जाई. १९५१ मध्ये ‘ए लेव्हल’ परीक्षा सुरू झाली आणि विद्यापीठीय पाठ्यपुस्तकाची संक्षिप्त आवृत्ती शाळेत आली. पुढे साठोत्तरी काळात व्यवसाय अध्ययन हा स्वतंत्र विषय पुढे आला. १८ ऑक्टोबर १९७६ रोजी पंतप्रधान जेम्स कॅलाहन यांनी ऑक्सफर्डच्या रस्किन महाविद्यालयात केलेल्या भाषणामुळे शाळा आणि उद्योगजगत यांच्यातील अंतर हा राष्ट्रीय चर्चेचा विषय झाला. त्याच सुमारास मॅंचेस्टर विद्यापीठात चौदा ते सोळा वयोगटातील सर्वसाधारण विद्यार्थ्यांसाठी अर्थशास्त्राचा प्रकल्प हाती घेण्यात आला. अर्थशास्त्र केवळ भावी अर्थशास्त्रज्ञासाठी नसून प्रत्येक नागरिकासाठी आहे, अशी त्यामागील भूमिका होती.

परंतु १९८८ च्या शिक्षण सुधारणा कायद्याने जो राष्ट्रीय अभ्यासक्रम आणला, त्यातील अनिवार्य विषयांत अर्थशास्त्रास स्थान मिळाले नाही. १९९० मध्ये ‘आर्थिक व औद्योगिक जाण’ हा सर्व विषयांतून शिकवावयाचा घटक म्हणून घोषित झाला. जे सर्वांनी शिकवावयाचे असते, ते बहुधा कोणाचीच जबाबदारी राहत नाही; तेथेही पुष्कळ शाळांत तसेच घडले.

नव्वदच्या दशकात नफील्ड प्रतिष्ठानच्या साहाय्याने तयार झालेला अर्थशास्त्र व व्यवसाय यांचा संयुक्त अभ्यासक्रम या संदर्भात विशेष महत्त्वाचा आहे. त्याची तीन वैशिष्ट्ये होती. पहिले, अर्थशास्त्र आणि व्यवसाय हे दोन विषय एकाच आर्थिक वास्तवाकडे पाहण्याच्या दोन बाजू मानले गेले. दुसरे, घटकांची मांडणी प्रश्नांभोवती केली गेली आणि संकल्पना त्या प्रश्नाचा शोध घेण्याचे साधन म्हणून आल्या. तिसरे, विद्यार्थ्याने स्वतः केलेल्या शोधकार्याच्या संचिकेस मूल्यमापनात स्थान देण्यात आले.

हा प्रयोग मुख्य प्रवाह होऊ शकला नाही. शिक्षकाकडून अपेक्षा मोठी होती, आणि शाळेबाहेर केलेल्या कामाच्या विश्वासार्हतेविषयी शंका वाढत गेल्या. इंग्लंडमध्ये २०१५ पासून लागू झालेल्या नव्या रचनेत अर्थशास्त्र व व्यवसाय या विषयांचे मूल्यमापन पुन्हा अभ्यासक्रमाच्या शेवटी होणाऱ्या लेखी परीक्षेवर आले. गंमत अशी की, त्याच सुमारास विद्यापीठांत उलट मागणी होत होती. २००८ च्या वित्तीय संकटानंतर मॅंचेस्टर विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी, आपणास शिकविले जाणारे अर्थशास्त्र समोर कोसळणाऱ्या अर्थव्यवस्थेविषयी काहीच सांगत नाही, अशी तक्रार संघटितपणे मांडली. २०१३ मध्ये वेंडी कार्लिन आदी अर्थशास्त्रज्ञांच्या पुढाकाराने ‘कोअर’ हा नवा अभ्यासक्रम प्रकल्प सुरू झाला, ज्यात विषमता, पर्यावरण, नवप्रवर्तन अशा प्रश्नांपासून आरंभ आहे. शाळेने जे सोडले, ते विद्यापीठ पुन्हा शोधू लागले.

या वाटचालीतून एक निष्कर्ष स्पष्ट होतो. अभ्यासक्रम कागदावर कितीही विचारपूर्वक तयार केला तरी वर्गात तो तेवढाच उरतो जेवढा परीक्षा त्यास उरू देते.

आपला अभ्यासक्रम : आशय आणि रचना

महाराष्ट्रात २०१९-२० पासून अकरावीसाठी आणि २०२०-२१ पासून बारावीसाठी बालभारतीने तयार केलेली पाठ्यपुस्तके लागू झाली. अकरावीच्या अर्थशास्त्रात मूलभूत संकल्पना, पैसा, विभाजन मूल्ये, महाराष्ट्राची अर्थव्यवस्था, ग्रामीण विकास, लोकसंख्या, बेरोजगारी, दारिद्र्य, १९९१ नंतरचे आर्थिक धोरण व नियोजन असे घटक आले. बारावीत सूक्ष्म व स्थूल अर्थशास्त्राचा परिचय, उपयोगिता, मागणी, लवचिकता, पुरवठा, बाजाराचे प्रकार, निर्देशांक, राष्ट्रीय उत्पन्न, सार्वजनिक वित्तव्यवहार, नाणे व भांडवल बाजार आणि विदेशी व्यापार यांचा समावेश झाला. वाणिज्य शाखेत यासोबत पुस्तपालन व लेखाकर्म, वाणिज्य संघटन व व्यवस्थापन आणि चिटणिसाची कार्यपद्धती हे विषय आहेत.

या अभ्यासक्रमाचे गुण प्रथम नोंदविणे न्यायाचे ठरेल. पूर्वीच्या पुस्तकांच्या तुलनेत मांडणी सुटसुटीत आहे. कृतींना स्थान आहे. प्रश्नपत्रिकेत तक्ता, आकृती वा उतारा देऊन त्यावर प्रश्न विचारले जातात, मत मागून कारणे विचारली जातात. ८० गुण लेखी व २० गुण प्रकल्प वा अंतर्गत कामासाठी अशी विभागणी आहे. म्हणजे अभ्यासक्रमकर्त्यांना पाठांतराच्या दोषाची जाणीव नव्हती असे म्हणता येत नाही.

तरीही तीन उणिवा राहतात. पहिली उणीव क्रमाची आहे. प्रत्येक घटकाचा आरंभ व्याख्येने होतो. नंतर वैशिष्ट्ये, प्रकार, महत्त्व व मर्यादा येतात. ज्या अडचणीतून ती संकल्पना निर्माण झाली ती अडचण विद्यार्थ्यासमोर येतच नाही. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तो पाठ करतो.

दुसरी उणीव विषयांच्या भिंतींची आहे. एकच विद्यार्थी अर्थशास्त्रात भांडवल बाजार, चिटणिसाच्या कार्यपद्धतीत भागवाटप आणि लेखाकर्मात भागांच्या जर्नल नोंदी शिकतो. तीन पुस्तके, तीन शिक्षक, तीन प्रश्नपत्रिका. भाग विकल्यावर पैसा नेमका कोणाकडे जातो, हा साधा प्रश्न या तिन्हींच्या मधल्या फटीत पडून राहतो.

तिसरी उणीव स्थळाची आहे. संपूर्ण राज्याची अर्थव्यवस्था एका प्रकरणात येते, हे समजण्यासारखे आहे. परंतु विद्यार्थ्याने आपल्या तालुक्याची आर्थिक माहिती स्वतः मिळवून तीवर संकल्पना तपासावी, अशी सक्तीची जागा लेखी मूल्यमापनात नाही. २० गुणांचा प्रकल्प ही ती जागा होऊ शकली असती. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी तो विकतच्या प्रकल्पवहीतील मजकूर उतरविण्यात संपतो, हे आपण सारेच जाणतो.

याशिवाय एक गंभीर बाब आहे. जो विद्यार्थी दहावीनंतर शाळा सोडतो वा अन्य शाखेत जातो, त्यास अर्थशास्त्राची ओळख इयत्ता नववीच्या भूगोलातील परिचयाच्या पाठापुरतीच होते. शेतकरी, मजूर व मासेमार कुटुंबांतील कितीतरी मुले याच गटात मोडतात. ज्यांना बाजार, कर्ज व शासकीय योजना यांच्याशी रोज झगडावे लागणार, त्यांच्याच वाट्याला हा विषय सर्वांत कमी येतो.

भंडारा जिल्ह्यातील तीन उदाहरणे

परिसरातील उदाहरणे म्हणजे सोपी उदाहरणे, असा एक समज आहे. पुढील तीन उदाहरणांवरून तो समज टिकत नाही.

पहिले उदाहरण धानाचे. २०२०-२१ च्या हंगामात राज्य शासनाने आधारभूत किमतीवर प्रति क्विंटल ७०० रुपये प्रोत्साहन रक्कम दिली होती. पुढे ही पद्धत बदलून प्रति हेक्टरी रक्कम देण्यात आली. २०२३-२४ साठी ती दोन हेक्टरच्या मर्यादेत हेक्टरी २०,००० रुपये होती. आता समजा, एका शेतकऱ्याच्या एक हेक्टर कोरडवाहू बांधीतून विक्रीयोग्य धान १५ क्विंटल निघते आणि दुसऱ्याच्या एक हेक्टर ओलिताच्या बांधीतून ४० क्विंटल. क्विंटलमागे पद्धतीने पहिल्यास १०,५०० व दुसऱ्यास २८,००० रुपये मिळतील. हेक्टरी पद्धतीने दोघांनाही २०,०००. पहिल्या पद्धतीत प्रत्येक वाढीव क्विंटलवर रक्कम मिळते, म्हणून ती सीमांत निर्णयावर परिणाम करते. दुसरीत तसे होत नाही, पण वितरण बदलते. उत्पादनास उत्तेजन हवे की अल्प उत्पन्न असणाऱ्यास आधार? अन्य ठिकाणचे धान दुसऱ्याच्या नावावर विकण्याचा मोह कोणत्या पद्धतीत अधिक? शेत ठेक्याने वा बटईने कसणाऱ्याच्या हाती हेक्टरी रक्कम पोहोचते का? सीमांत विश्लेषण, प्रेरणा, समता व कार्यक्षमता यांतील ताण हे सर्व येथे आहे. भरडाईच्या नियमानुसार एक क्विंटल धानामागे ६७ किलो तांदूळ गिरणीधारकाने शासनास द्यावयाचा असतो. कोंडा व भुसा यांचे मूल्य हिशेबात घेतले तर संयुक्त उत्पादनाच्या खर्चाचा प्रश्न लेखाकर्माच्या विद्यार्थ्यासही मिळतो.

दुसरे उदाहरण तलावांचे. पूर्व विदर्भातील तलाव-बोड्यांची परंपरा आणि त्यात कोहळी समाजाचे योगदान सर्वज्ञात आहे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली व हे तलाव शासनाच्या ताब्यात गेले. माजी मालगुजारी म्हणून ते आजही ‘मामा तलाव’ या नावाने ओळखले जातात. एकाच तलावाच्या पाण्यावर धान उत्पादकाचा सिंचनासाठी आणि ढिवर मासेमारांच्या सहकारी संस्थेचा मत्स्योत्पादनासाठी हक्क असतो. शेतकऱ्यास पाणी पिकासाठी शेवटपर्यंत सोडावयास हवे असते. मासेमारास उन्हाळ्यापर्यंत काही पाणी तलावात उरावयास हवे असते. गाळ कोणी काढावयाचा, गाळपेरा कोणी करावयाचा, हे प्रश्न वेगळेच. मालकी बदलली की देखभालीची प्रेरणा कशी बदलते, हे या तलावांइतके स्पष्ट क्वचितच दिसेल. सामूहिक संसाधनांचा ऱ्हास अटळ आहे असे गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये मांडले. त्यास उत्तर म्हणून, लोक स्वतः नियम करून अशी संसाधने टिकवू शकतात हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी दाखविले आणि २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या गावच्या तलावाच्या पाळीवर बसून हा वाद शिकता येतो. बारावीच्या बाजारप्रकारांच्या तक्त्यात मात्र त्यास जागा नाही.

तिसरे उदाहरण तुमसर तालुक्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मॅंगनीज खाणींचे. या खाणी चालविणाऱ्या ‘मॉईल’ची पूर्वपीठिका १८९६ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश कंपनीपर्यंत जाते. १९६२ मध्ये केंद्र व संबंधित राज्य शासनांनी ५१ टक्के भांडवल घेतले. १९७७ मध्ये उर्वरित ४९ टक्के भागही शासनाकडे आले. २०१० च्या अखेरीस २० टक्के भागांची जाहीर विक्री झाली आणि डिसेंबरमध्ये भागांची शेअर बाजारात नोंदणी झाली. या विक्रीत केंद्र शासनाचे १० टक्के आणि महाराष्ट्र व मध्य प्रदेश शासनांचे प्रत्येकी ५ टक्के भाग होते. भागविक्री म्हणजे कंपनीने भांडवल उभारणे, असे विद्यार्थी शिकलेला असतो. येथे नवे भाग काढलेच नव्हते. विद्यमान भागधारकांनी आपले भाग विकले, त्यामुळे पैसा कंपनीस न मिळता शासनांस मिळाला. कंपनीच्या पुस्तकात कोणती नोंद होईल? राज्याच्या अंदाजपत्रकात ही रक्कम कोठे दिसेल? खाणीजवळच्या गावास त्यातून काय मिळाले? एका उदाहरणात तिन्ही विषयांच्या भिंती पडतात आणि साम्राज्यकाळापासून निर्गुंतवणुकीपर्यंतचा आर्थिक इतिहासही उभा राहतो.

संभाव्य आक्षेप

परिसरकेंद्री अभ्यासक्रमावर घेतला जाणारा सर्वांत वजनदार आक्षेप असा की, त्यामुळे ग्रामीण विद्यार्थी परिसरातच अडकेल. पुण्या-मुंबईचा विद्यार्थी भांडवल बाजार शिकेल आणि साकोली-लाखांदूरचा विद्यार्थी धान व मासोळी, अशी नवी विषमता निर्माण होईल. १९३७ च्या वर्धा परिषदेतून पुढे आलेल्या नई तालीमवरही, मुलांना वाडवडिलांच्या धंद्यास बांधून ठेवणारे शिक्षण, अशी टीका झाली होती. हा आक्षेप टाळता येत नाही.

त्याचे उत्तर महात्मा फुले यांच्या भूमिकेत सापडते. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढील निवेदनात त्यांनी ग्रामीण शाळांसाठी मोडी व बाळबोध लेखन-वाचनाबरोबर हिशेब व शेतीचे प्राथमिक ज्ञान मागितले. त्याचबरोबर इतिहास, भूगोल व व्याकरणही मागितले. त्यांना शेतकऱ्याचे मूल शेतीतच राहावे असे अभिप्रेत नव्हते. हिशेब न कळल्याने त्याची फसवणूक होऊ नये हे अभिप्रेत होते. त्याच न्यायाने, परिसर हा संकल्पनेपर्यंत जाण्याचा मार्ग असावा, मुक्काम नव्हे. धानाच्या प्रोत्साहन रकमेवरून ज्यास सीमांत विचार कळला, तो पुढे करप्रणालीचाही विचार करू शकेल.

दुसरा आक्षेप समान परीक्षेचा आहे. प्रत्येक जिल्ह्यासाठी वेगळी प्रश्नपत्रिका शक्य नाही, हे खरे. परंतु वेगळ्या प्रश्नपत्रिकेची गरजही नाही. ‘आपल्या तालुक्यातील एखाद्या वस्तूच्या किमतीवर शासकीय हस्तक्षेपाचा काय परिणाम झाला, ते तुम्ही गोळा केलेल्या माहितीच्या आधारे स्पष्ट करा,’ असा एकच प्रश्न नाशिकचा विद्यार्थी कांद्यावर, यवतमाळचा कापसावर व भंडाऱ्याचा धानावर सोडवू शकतो. परीक्षकाने तपासावयाचा असतो तो युक्तिवाद.

तिसरा आक्षेप शिक्षकाच्या भाराचा आहे आणि तो सर्वांत खरा आहे. मोठे वर्ग, रिक्त पदे व अशैक्षणिक कामे असताना प्रत्येक विद्यार्थ्याचे शोधकार्य तपासणे अवघड आहे. ब्रिटनमध्येही हा मार्ग याच ठिकाणी अडखळला. म्हणून पुढील सूचना मुद्दाम लहान ठेवल्या आहेत.

सूचना

१. प्रकल्पाच्या २० गुणांपैकी किमान निम्मे गुण विद्यार्थ्याने स्वतः गोळा केलेल्या प्राथमिक माहितीस व त्यावरील तोंडी परीक्षेस द्यावेत. पाच मिनिटांच्या तोंडी परीक्षेत उतरविलेला प्रकल्प लपत नाही.

२. अर्थशास्त्र, वाणिज्य संघटन व लेखाकर्म यांसाठी एक सामाईक गट-प्रकल्प चालावा. त्यामुळे तपासणीचा भारही विभागला जाईल.

३. लेखी परीक्षेतील उताऱ्यावरील एक प्रश्न असा असावा ज्याचे उत्तर उताऱ्यात नसेल. उताऱ्यातील माहितीवर संकल्पना लावूनच ते देता येईल.

४. वरिष्ठ महाविद्यालयांच्या अर्थशास्त्र व वाणिज्य विभागांनी जिल्ह्याच्या आर्थिक माहितीची मराठी पुस्तिका तयार करावी व दरवर्षी अद्ययावत करावी. धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली गोखले संस्थेने वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाची पाहणी १९४० मध्ये प्रसिद्ध केली होती. एका तालुक्याकडे बारकाईने पाहणे हे दुय्यम काम नाही, हे त्या परंपरेने दाखविले आहे.

५. नववी-दहावीच्या स्तरावर पावती, कर्जखाते, विमा, आधारभूत किंमत व अंदाजपत्रक समजून घेणारा छोटा स्वतंत्र घटक असावा. सर्व विषयांतून शिकवावयाचा घटक म्हणून तो सोडून देऊ नये.

समारोप

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर अभ्यासक्रमांच्या पुनर्रचनेची चर्चा सर्व स्तरांवर होत आहे. अशा वेळी विदेशी नमुना उचलून आणण्याचा मोह होतो. ब्रिटनकडून नमुना घेण्यासारखा नाही. घेण्यासारखा आहे तो धडा. तेथे उत्तम अभ्यासक्रम तयार झाले, परंतु मूल्यमापन व शिक्षकाचा वेळ यांची व्यवस्था न झाल्याने ते विरून गेले. आपल्याकडे २० गुणांची जागा आज उपलब्ध आहे. ती प्रकल्पवहीने भरावयाची की प्रश्नाने, हा निर्णय बऱ्याच अंशी आपल्याच हातात आहे.

महाविद्यालयीन प्राध्यापक या नात्याने आपण कनिष्ठ स्तरावरील उणिवांविषयी तक्रार करतो, परंतु आपल्या प्रथम वर्षाच्या प्रश्नपत्रिकाही बहुधा व्याख्या व वैशिष्ट्येच विचारतात. धान व्यापाऱ्यास का विकले याचे उत्तर ठाऊक असलेला विद्यार्थी तीन वर्षे आपल्या वर्गात बसतो आणि पदवी घेऊन बाहेर पडतो. आपण त्यास तो प्रश्न एकदाही विचारत नाही. चिकित्सेचा आरंभ तेथून व्हावा.